एक संस्था, अनेक रुग्णालये : कोट्टक्कलची व्यवस्था

एकच पाटी चार गावी लावली की रुग्णालयाच्या शाखा झाल्या, अशी समजूत आपल्या व्यवसायात रूढ आहे. वस्तुतः औषध कोठे सिद्ध होते, परिचारक कोण घडवितो आणि मालकी कोणाची, या तीन गोष्टींवर समूहाचे आयुष्य अवलंबून असते. आयुर्वेदापुरते बोलावयाचे तर याचे उत्तम उदाहरण केरळातील कोट्टक्कल येथे पाहावयास मिळते.

वैद्यरत्न पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये तेथे आर्य वैद्य शाला स्थापन केली. आरंभ झाला तो तयार औषधांपासून. काढा रुग्णाने घरी उकळावा अशी तेव्हाची रीत होती. वारियर यांनी तो सिद्ध करून देण्यास प्रारंभ केला. १९१७ मध्ये कोझिकोड येथे पाठशाळा निघाली आणि १९२४ मध्ये ती कोट्टक्कलला आली. धर्मार्थ रुग्णालयही त्याच सुमाराचे. औषध, अध्यापन, रुग्णसेवा हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे बहुधा प्रथम इमारत उभी राहते.

चरकोक्त चतुष्पादाच्या आधारे ही व्यवस्था चांगली उलगडते. चार पादांपैकी द्रव्य आणि उपस्थाता हे दोन पाद केंद्राकडे सोपविता येतात. संस्थेचे औषधनिर्माण कोट्टक्कल, पालक्काडजवळील कंजिकोड व कर्नाटकातील नंजनगुड येथे चालते. दिल्ली व कोची येथील रुग्णालयांना स्वतंत्र भट्टी लावावी लागत नाही. वनस्पतींची खरेदी एकत्र होते, परीक्षण एका पद्धतीने होते, आणि तेल कोणत्याही शाखेत दिले तरी त्याचा पाक तोच राहतो. परिचारकांचेही तसेच. पिळिच्चिलसारख्या कर्मास एका वेळी अनेक शिक्षित हात लागतात. दहा खाटांच्या रुग्णालयास ते बारमाही पोसणे कठीण; समूहास ते तुलनेने सोपे, कारण एका शाखेतील मंदीच्या दिवसांत माणसे दुसरीकडे पाठविता येतात.

उरलेले दोन पाद म्हणजे वैद्य आणि रोगी. येथे एकरूपतेचा आग्रह धरला की चिकित्सा बिघडते. प्रकृती, देश, काल पाहून मात्रा ठरविण्याचा अधिकार शाखेतील वैद्याकडेच हवा. पंचकर्माचे ठराविक दिवसांचे ‘पॅकेज’ केंद्राने छापून पाठविणे, हे मला तरी अशास्त्रीय वाटते.

मालकीचा प्रश्न सर्वांत कठीण. वारियर यांनी मृत्युपत्राद्वारे संस्था विश्वस्त मंडळाकडे सोपविण्याची तजवीज केली होती. १९४४ मध्ये ते निवर्तले. पहिले व्यवस्थापकीय विश्वस्त पी. माधव वारियर १९५३ मध्ये विमान अपघातात गेले. दहा वर्षांत दोन कर्ते पुरुष जाऊनही संस्था टिकली, आणि पुढे डॉ. पी. के. वारियर यांनी २०२१ मधील निधनापर्यंत तिची धुरा वाहिली. आपल्याकडील किती नामांकित चिकित्सालये संस्थापकामागे वाटणीत निघाली, हे वाचकांस ठाऊकच आहे.

महाराष्ट्रात चार-पाच वैद्यांनी एकत्र येण्याचे ठरविल्यास प्रथम औषधाचा कायदा पाहावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील कलम ३३ईईसी वैद्यास परवान्याविना औषधनिर्माणाची मुभा देते, पण ती स्वतःच्या रुग्णांपुरतीच. एकाने सिद्ध केलेले औषध इतरांच्या रुग्णालयांत जाऊ लागले की त्या सवलतीवर विसंबता येणार नाही. निर्मितीचा परवाना आणि परिशिष्ट ‘टी’नुसार जागा, यंत्रे, नोंदी व तज्ज्ञ ही सारी पूर्तता करावी लागेल. हा खर्च एकट्यास जड जातो, पाच जणांत विभागल्यास झेपू शकतो. मात्र परवान्यासाठी अर्ज करण्यापूर्वी विश्वस्तपत्राचा मसुदा पुरा असावा. क्रम उलटा झाल्यास निर्मितीशाळा एकाच्या नावे राहते आणि उरलेले चौघे तिचे ग्राहक होऊन बसतात.