सामाईक लेव्हल : मालकी आणि संपादनाधिकार

दोन वेगळे हक्क

ऑनलाइन खेळात खेळाडूंनी रचलेली लेव्हल बहुधा अनेकांच्या श्रमातून उभी राहते. कोणी इमारती बांधतो, कोणी आज्ञावली लिहितो. मालकी म्हणजे ती लेव्हल हस्तांतरित करण्याचा, पुसण्याचा आणि इतरांना अधिकार देण्याचा किंवा काढून घेण्याचा हक्क. संपादनाधिकार म्हणजे आतली रचना बदलण्याची मुभा. हैदराबादेत नामपल्लीच्या मैदानावर भरणाऱ्या 'नुमाइश'मध्ये अशीच विभागणी आहे. १९३८ साली सुरू झालेल्या या प्रदर्शनात दुकानदार आपला गाळा सजवतो. गाळ्यांचे वाटप मात्र एक्झिबिशन सोसायटी करते.

कुलूप आणि किल्ली

'ग्रोटोपिया' (२०१३) या खेळात ही कल्पना सर्वांत स्पष्ट दिसते. स्मॉल लॉक १० चौकटींचे रक्षण करते, बिग लॉक ४८, ह्यूज लॉक २००. वर्ल्ड लॉक संपूर्ण जगाचे. कुलूप लावणारा मालक ठरतो. तो इतरांना प्रवेश देऊ शकतो. असे सहकारी बांधतात, फोडतात, पण मालकाचे कुलूप काढू शकत नाहीत. पूर्वी जग विकताना विक्रेत्याला कुलूप काढावे लागे आणि ग्राहकाने स्वतःचे लावेपर्यंत ते जग बेवारस राही. त्या क्षणात तिसऱ्यानेच ते बळकावण्याचा धोका असे. वर्ल्ड की आल्यावर किल्लीच्या देवघेवीबरोबरच मालकी बदलू लागली. चोख उपाय म्हणावा असाच हा आहे.

अधिकाराच्या पायऱ्या

'माइनक्राफ्ट'च्या जावा आवृत्तीतील सर्व्हरवर बांधकामाला मूळची मालकी नसते. आरंभस्थळाभोवतीचा संरक्षित भाग सोडला तर कोणीही कोणाचीही भिंत फोडू शकतो. अधिकार मिळतो तो आज्ञा देण्याचा, चार पायऱ्यांनी. पहिलीवर संरक्षित भागात बांधता येते, दुसरीवर जग बदलणाऱ्या आज्ञा वापरता येतात, तिसरीवर खेळाडूंना बाहेर काढता येते, तर चौथीवर सर्व्हरच बंद करता येतो. विश्वासू गवंड्याला दुसरी पायरी पुरते. तिसरी देणे हा निराळाच निर्णय आहे, कारण ती मिळालेला खेळाडू इतरांनाही अधिकार वाटू शकतो.

समूहाची मालकी

'रोब्लॉक्स'मध्ये निर्मिती व्यक्तीच्या किंवा समूहाच्या नावावर असते. व्यक्तीच्या बाबतीत सहकाऱ्यांना एकेक करून परवानगी द्यावी लागते. समूहात ती भूमिकेला जोडलेली असते, त्यामुळे माणूस बदलला तरी व्यवस्था टिकते. टीम क्रिएट या सोयीमुळे अनेक जण एकाच वेळी काम करतात. मात्र समूहाचाही मालक एकच असतो.

मर्यादा

या साऱ्या मालकीच्या वर खेळ चालवणारी कंपनी असते; तिच्या अटींनुसार खेळाडूला मिळतो तो वापराचा परवाना. मालकाचे खाते चोरीला गेले, तर सहकाऱ्यांचे अधिकारही चोराच्या मर्जीवर येतात. चुकीच्या किंवा खोडसाळ बदलांवर उतारा म्हणजे जुनी आवृत्ती परत आणणे. पण संपूर्ण लेव्हल मागे नेली, की त्या आवृत्तीनंतर इतरांनी केलेले चांगले कामही पुसले जाते.