बाळंतिणीची बाज आणि छातीचं ऑपरेशन

माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे ललित साळवे 2010 मध्ये बीड पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. 2017 मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि शेवटी परवानगी मिळून 25 मे 2018 रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिल्या टप्प्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून या जिल्ह्यात या विषयावर निदान बोललं जातं. त्या सगळ्या बातम्यांतला ‘रजा’ हा साधा शब्द मला सर्वात महत्त्वाचा वाटत आला आहे. ऑपरेशन काही तासांत उरकतं, त्यानंतरचे आठवडे मात्र घरी काढायचे असतात.

हा लेख त्या आठवड्यांविषयी आहे, आणि तोही एकाच शस्त्रक्रियेपुरता. ट्रान्स पुरुष छातीची जी पुनर्रचना करून घेतात तिला टॉप सर्जरी म्हणतात. स्तनांच्या ऊती काढतात, छाती सपाट करतात, गरज असेल तर स्तनाग्रं लहान करून नव्या जागी कलम करतात. बीडचा माणूस यासाठी बहुधा मुंबई-पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो आणि काही दिवसांत पट्टा बांधून गावी परततो. इथून पुढे त्याची आई, बहीण किंवा मावशी त्याची परिचारिका होते.

अडचण इथंच सुरू होते. आपल्या घरात अंगाला पट्टा बांधून बाजेवर पडलेल्या माणसाची सेवा कशी करायची, याचा एकच पाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, तो बाळंतपणाचा. सव्वा महिना बाज, शेक, अंग चोळणं, ठरलेलं पथ्य. आई मायेनं तेच करायला घेते. त्यातलं बरंचसं या जखमेला घातक आहे. शिवाय बाईपणाच्या खुणांपासून सुटण्यासाठी ज्यानं इतकं सोसलं, त्याला बाळंतिणीसारखं वागवलं जाणं मनालाही लागतं.

पहिला गैरसमज शेकाचा. ‘शेकलं की ठणका ओढून घेतला जातो.’ छातीची त्वचा उचलून पुन्हा बसवताना बारीक नसा कापल्या जातात. त्यामुळे कित्येक महिने छाती बधिर राहते, काही भाग कायमचाही राहू शकतो. शेगडीचा चटका बसला तरी माणसाला कळत नाही आणि त्वचा भाजून निघते. बर्फही थेट लावायचा नाही, त्याचं कारणही हेच. तेल, हळद, पाल्याचा लेप टाक्यांवर नको. पोटातली हळद आणि उघड्या जखमेवर टाकलेली डब्यातली हळद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा गैरसमज पथ्याचा. भातानं जखम पिकते, अंड्यानं चिघळते, डाळ बाधते, असं सांगत रुग्णाला पातळ कण्हेरीवर ठेवतात. जखम पिकते ती जंतूंमुळे. भरून येते ती प्रथिनांच्या जोरावर, आणि नेमकी तीच ताटातून काढून टाकली जातात. वरण, मटकीची उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, खात असेल तर मटण-मासळी, सगळं चालतं. काही वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथताना छातीवर ताण येतो, म्हणून भाकरीबरोबर पालेभाजी आणि भरपूर पाणी हवं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

तंबाखूचं पथ्य सांगायला मात्र कुणी धजत नाही. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कलम केलेलं स्तनाग्र जगतं ते या वाहिन्यांच्या भरवशावर. बिडी-सिगारेट सोडली आणि तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्री चालू ठेवली, तर फारसा उपयोग नाही. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधीपासून आणि नंतरही तितकेच दिवस हे सगळं बंद असावं.

आता नळीविषयी, कारण घरचे सर्वात जास्त घाबरतात ते तिलाच. काही डॉक्टर छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक ड्रेन ठेवून घरी पाठवतात. नळीतून लाल पाणी आलं की ‘रक्त संपेल’ म्हणून रडारड होते, आणि कुणी तरी ती नळी लवकर काढून टाका म्हणतं. आत साचणारा द्रव बाहेर काढणं हेच तिचं काम. रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. हात साबणानं धुऊन नळीला जोडलेली डबी रिकामी करायची, किती मिलिलिटर भरलं ते तारीख-वेळेसह वहीत लिहायचं. बऱ्याच ठिकाणी दिवसाचं माप 25-30 मिलिलिटरच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. ती वही फॉलोअपला सोबत न्यावी. बारावीची पोरं हे काम घरातल्या कुणाहीपेक्षा नीट करतात. त्यांच्याकडे सोपवावं.

घाबरायचं कशाला, ते वेगळं आहे. एकच बाजू झपाट्यानं फुगून घट्ट झाली, डबी ताज्या लाल रक्तानं भरभर भरू लागली, तर आत रक्त साचतंय. हे बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, पू किंवा वास आला, लाली पसरत चालली, एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, किंवा दम लागला, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा, अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावं. डिस्चार्ज कार्ड हातात असावं. आणि काय ऑपरेशन झालंय ते तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. शेजाऱ्यांना ‘छातीचं ऑपरेशन झालं’ एवढं पुरे, त्याहून जास्त सांगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. डॉक्टरांपासून मात्र लपवू नये.

पट्टी उघडल्यावर काळपट, खपली धरलेलं स्तनाग्र पाहून ‘सडलं’ असं वाटतं. कलमावर अशी गडद खपली येणं नेहमीचं आहे. ती दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुटते, नखानं काढायची नाही. रंग सावकाश, महिन्यांनी परततो.

‘पूर्ण विश्रांती’ म्हणजे बाजेवरून न उठणं, हाही बाळंतपणाच्या पाठातलाच धडा. उशा लावून, पाठीवर, जरा उंच झोपायचं हे खरं. पण दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात, मग अंगणात चालायचं, म्हणजे पायात गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. हातांना मात्र खरी सुट्टी. खांद्याच्या वर हात नेऊन माळ्यावरचा डबा काढणं, पंप हापसणं, मोटारसायकलला किक मारणं, सगळं बंद. पाण्यानं भरलेली साधी बादली पंधरा-एक किलोची असते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत दोन-तीन किलोंपलीकडे उचलायला मनाई असते.

बीडमध्ये हा प्रश्न रोजीरोटीशी येऊन भिडतो. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या घरातला मुलगा उसाची मोळी डोक्यावर कधी घेणार? सहा आठवड्यांच्या आत नाहीच, आणि त्यानंतरही डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. म्हणून ऊसतोडीची उचल घेण्याआधी शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी. हंगाम संपल्यावर करायची म्हटलं तर उन्हाळा येतो. छातीचा पट्टा तीन ते सहा आठवडे घालावा लागतो, आणि चाळिशी गाठणाऱ्या उकाड्यात त्याखाली पुरळ उठतं. आत पातळ सुती बनियन घालावं, दोन पट्टे आलटून पालटून धुवावेत. जितका घट्ट तितका चांगला, हे खोटं. श्वास पूर्ण घेता आला पाहिजे. मला विचाराल तर जमत असेल त्यानं पावसाळ्याच्या अखेरीस करून घ्यावं आणि त्या वर्षीचा हंगाम सोडावा. सगळ्यांना ते परवडत नाही हे मला ठाऊक आहे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगा भिंतीकडे तोंड करून रडतो, आणि घर म्हणतं, ‘बघ, पस्तावला.’ भूल, वेदना, मोडलेली झोप आणि हलता न येणं यांनी कुठल्याही ऑपरेशननंतर मन खचतं. पित्ताशय काढलेला माणूसही रडतो, त्याला पस्तावलास का असं कुणी विचारत नाही. शेजारी बसावं, त्यानं निवडलेल्या नावानं हाक मारावी. उदासी दोन-तीन आठवड्यांत हटली नाही तर डॉक्टरांशी बोलावं.

आणि विहीर. उघड्या अंगानं विहिरीत उडी मारायची, ही अनेकांनी लहानपणापासून जपलेली इच्छा असते. वरून सुकलेली जखम आतून भरलेली असतेच असं नाही, त्यामुळे टाक्यांची रेघ पूर्ण मिटून डॉक्टर हो म्हणेपर्यंत विहीर, नदी, तलाव नको. व्रण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर त्यावर थेट ऊन पडलं की तो काळा पडतो. म्हणून पहिल्या वर्षी पोहायला जायचं ते सूर्य कलल्यावर, आणि काठावर आलं की अंगात सदरा घालायचा.