आर्डाचा रौप्यपेला

दोन्ही रूपांत पवित्र कम्युनियन देणे ही नवी टूम आहे, अशी कुरकुर अधूनमधून कानी येते. धर्मशिक्षकांना तिचे उत्तर द्यावयाचे असेल, तर आयर्लंडातील एका चांदीच्या पेल्याचे उदाहरण उपयोगी पडेल.

१८६८ साली लिमरिक परगण्यातील आर्डा येथे बटाटे खणताना हा पेला हाती लागला. तो आठव्या शतकातील असून आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या काळी आयर्लंडात चांदी दुर्मीळ होती. पेल्याची वाटी व बैठक ठोकून घडविलेल्या चांदीची आहेत. चांदी ठोकता ठोकता कठीण होते. तिला वारंवार ताव देऊन मऊ करावे लागते, नाही तर ती तडकते. एवढ्या मोठ्या वाटीला हे किती वेळा करावे लागले असेल, याची कल्पना कोणताही सोनार देईल. पुढे वाटी चरकावर फिरवून गुळगुळीत केली. तिच्यावर सोन्याच्या बारीक तारकामाचा पट्टा व मीनाकामाचे खडे बसविले. एकूण भाग अडीचशेहून अधिक. १८५० साली बेटीस्टाउन येथे सापडलेल्या ‘तारा ब्रूच’ या वस्त्रपिनेवरही अशाच प्रकारचे काम आहे; सरदारांचे अलंकार व वेदीची पात्रे एकाच कारागिरीतून निघत, हे यावरून उघड होते. त्या पिनेची मागची बाजूही पुढच्याइतकीच नटविलेली आहे, तशीच आमच्या पेल्याच्या बैठकीच्या तळाशी स्फटिकाभोवतीची नक्षी आहे. पेला कलल्याखेरीज ती कोणाला दिसावयाची नाही.

एवढ्या वैभवाला निव्वळ प्रदर्शन म्हणणे मला पटत नाही. त्याचा आकार पाहावा. उंची सुमारे १८ सेंटिमीटर, व्यास त्याहूनही अधिक आणि दोन बाजूंना दोन मुठी. एकट्या याजकाला एवढे पात्र कशाला? हा लोकांना द्राक्षारस देण्याचा पेला होय, असे अभ्यासक मानतात. तारकामाच्या पट्ट्याखाली मंद रेषांत प्रेषितांची नावे कोरली आहेत: अकरा प्रेषित व पौल. यहूदा इस्कार्योताला अर्थातच जागा नाही. नावे इतकी पुसट आहेत की, पेला जवळ आल्याशिवाय वाचता येत नाहीत.

लॅटिन ख्रिस्तसभेत लोकांचा पेला हळूहळू मागे पडला. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या परिषदेने ती रूढी कायम केली, आणि १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठराविक प्रसंगी पुन्हा वाट मोकळी केली. तेव्हा नवे काय व जुने काय, हे सांगताना शतके मोजावी लागतात.

१९८० साली टिपेररी परगण्यात डेरीनाफ्लान येथे असाच दुसरा चांदीचा पेला मिळाला. सोबत तबक होते आणि द्राक्षारस गाळण्याची गाळणीही. त्या तबकाच्या सुट्या भागांवर जोडणीसाठी अक्षरांच्या खुणा कोरलेल्या आढळल्या.