काढलेली आठवण

मराठीत आठवण दोन तऱ्हांनी घडते. एक तर ती आपल्या मर्जीने येते, सांजवेळी, पहिल्या पावसाच्या वासाबरोबर, किंवा हातातला घास हातातच राहावा अशा नेमक्या क्षणी. आणि तशी ती न आली तर ती काढावी लागते. उचकी लागली की घरातली वडीलधारी बाई ‘कोणीतरी आठवण काढली’ असे म्हणते, तेव्हा दूरच्या त्या अज्ञात इसमाने आपल्यासाठी काही एक श्रम केले आहेत असाच भाव तिच्या बोलण्यात असतो. विहिरीतून पाणी काढावे, पेटीच्या तळातून लग्नातला शालू काढावा, तशी आठवणही काढायची वस्तू आहे. आणि कॅमेरा आपल्या मुलखात आला तेव्हा आपण फोटोलाही हेच क्रियापद लावून टाकले. फोटोही काढायचाच असतो. हा योगायोग असेल. पण भाषेला आपल्याहून अधिक समजते असा माझा जुना संशय आहे.

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या बाजूला जुन्या घरांच्या बैठकीत अजूनही फोटोंची एक ओळ दिसते. या ओळीचा एक अलिखित कायदा असा की, हार फक्त गेलेल्या माणसाच्या फोटोला. जिवंत माणसाच्या तसबिरीला कोणी चुकून फुले वाहिली तर घरातली माणसे दचकतात. चंदनाच्या वाळलेल्या हारामागे बसलेले, डोक्याला रुमाल बांधलेले आजोबा, शेजारी नऊवारीतील आजी, मागे रंगवलेल्या पडद्यावरचा कधीही न पाहिलेला संगमरवरी जिना. असा एखादा फोटो उलटून पाहिला तर मागे पुष्कळदा गावाच्या नावापुढे कंसात ‘दख्खन’ असे नोंदलेले असते. ज्या गावाचे नाव आरंभी खडकी होते, मग फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, त्या गावात फोटोची पाठ हे एक छोटे दफ्तरच होय: पुढच्या बाजूला न उरलेला माणूस, मागच्या बाजूला न उरलेला पत्ता.

परंतु उणीव आणि छायाचित्र यांच्या संबंधाची सर्वांत मोठी हकिगत या बैठकीत नाही. ती याच जिल्ह्यात, सिल्लोड तालुक्यातील अजिंठ्याला घडली.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले, आणि वाघूर नदीच्या नालाकृती वळणातील ती लेणी बाहेरच्या जगाच्या नोंदीत आली. पुढे पंचवीस वर्षांनी, १८४४ साली, कंपनी सरकारने मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्याच्या कामी तैनात केले. अजिंठा गावात बिऱ्हाड करून, लेण्यांच्या अंधारात आणि वटवाघळांच्या वासात वर्षानुवर्षे बसून या माणसाने दोन डझनांहून अधिक प्रचंड तैलचित्रे पुरी केली; ती विलायतेस रवाना झाली, लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीला लागलेल्या आगीत चारपाच वगळता सगळी जळून गेली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून नव्याने प्रतिकृती केल्या, तर त्यांतल्याही शंभरावर १८८५ साली लंडनच्या संग्रहालयातील आगीत गेल्या. आणि आराई काम्पो या जपानी चित्रकाराने नेलेल्या प्रतिकृती १९२३ च्या तोक्योतील भूकंपात नष्ट झाल्या. मूळ चित्रे दमटपणाने, धुराने आणि कोळ्याकिड्यांनी हळूहळू झिजत असताना त्यांच्या नकला मात्र जगाच्या दोन टोकांना एकामागून एक अशा तीनदा भस्मसात व्हाव्यात, हे दैवाच्या हिशेबात कसे बसते ते मला अद्याप उमगलेले नाही.

गिलच्या हातून राहिले ते दुसरेच. १८५० नंतरच्या दशकात तो कॅमेऱ्याकडे वळला होता, आणि १८६४ साली लंडनमध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. एकात अजिंठा-वेरूळची चौऱ्याहत्तर चित्रे, दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू आणि निसर्ग यांची शंभर जोडचित्रे. जोडचित्र म्हणजे दोन डोळ्यांच्या अंतराएवढ्या फरकाने घेतलेली एकाच दृश्याची दोन चित्रे. ती पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवून भिंगांच्या चौकटीतून पाहिली की सपाट कागदातून खांब पुढे येतो, गाभारा मागे सरतो आणि पाहणाऱ्याला आपण लेण्याच्या उंबऱ्यावर उभे आहोत असा भास होतो. तुपाच्या दिव्याने आणि आरशाने वळवलेल्या कवडशाने ज्या गोष्टी पाहाव्या लागत, त्या लंडनच्या दिवाणखान्यात आरामखुर्चीवर बसून पाहण्याची सोय झाली.

आणि तरीही या चित्रांत अजिंठा नाही, असे मी म्हणतो. कारण अजिंठा म्हणजे रंग. येथे त्या काळच्या कृतीची थोडी माहिती सांगणे अवश्य आहे. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा, ती काच रुप्याच्या क्षारांत बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळण्यापूर्वी, म्हणजे दहापंधरा मिनिटांच्या आत, अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. या ओल्या काचेला निळा प्रकाश फार लवकर दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, म्हणजे ज्यांवर अजिंठ्याची सारी किमया उभी आहे तेच रंग, त्या काचेच्या लेखी काळोख होते. म्हणून गिलने कॅमेरा लावला तो मुख्यत्वे दगडापुढे. शिल्पे, दर्शनी कमानी, स्तंभ आणि डोंगर. रंग पकडणारी चित्रे जळाली, आणि रंग न पकडणारी चित्रे उरली. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी छायाचित्रणाच्या आधारे या भित्तिचित्रांचे रंगीत खंड १९३० पासून काढायला आरंभ केला, तेव्हा कुठे छायाचित्राच्या वाटेने त्या तांबड्याला कागदावर जागा मिळाली. चौथा खंड निघायला १९५५ उजाडले, आणि तोपर्यंत ते संस्थानच इतिहासजमा झाले होते.

त्याच ओल्या काचेने आणखी एक गोष्ट आपल्यापासून हिरावली, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे पावसाळा. आमच्या मराठवाड्यात पाऊस हा ऋतू नसून आशेचे नाव आहे; मृगाची वाट पाहण्यात, आर्द्रा कोरड्या गेल्याच्या चिंतेत, आणि १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगण्यात आमच्या म्हाताऱ्यांचे निम्मे आयुष्य गेले. पण एकोणिसाव्या शतकातील या प्रदेशाची छायाचित्रे समोर मांडा: दौलताबादचा किल्ला, वेरूळचे कैलास, बीबीचा मकबरा. बहुतेक सर्वत्र आभाळ पांढरेफटक, एक ढग म्हणून नाही. निळ्याची अति हाव असलेली ती काच आकाश क्षणात करपवून टाकी, आणि ढग त्या पांढरेपणात विरघळून जात. शिवाय साहेबाचा दौरा असे हिवाळ्यात. चिखलात बैलगाडीवरून काचा, रसायनांच्या बाटल्या आणि तंबू नेणे शक्य नव्हते, आणि उन्हाळ्यात तर द्रव काचेवर पसरता पसरताच आळे. त्यामुळे त्या काळचा मराठवाडा पाहायचा म्हणजे तो नेहमी मार्गशीर्ष-पौषातला, कोरडा, स्वच्छ, उन्हातला. वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याजवळ श्रावणात सीतेच्या नहाणीत कोसळणारा धबधबा, अजिंठ्याच्या सात कुंडांतून उतरणारी वाघूर, खाम नदीच्या काठचा ओला गाळ, हे सारे त्या चित्रांच्या बाहेर उभे आहे, दाराशी थांबलेल्या पाहुण्यासारखे.

माणसांचेही तसेच. पॅरिसच्या एका रस्त्याचे दाग्येरने १८३८ साली घेतलेले चित्र प्रसिद्ध आहे. रस्ता गजबजलेला होता, पण प्रकाश घ्यायला इतका वेळ लागला की चालती माणसे व गाड्या उमटल्याच नाहीत, आणि जोडे पुसून घेण्यासाठी एक पाय टेकून थांबलेला गृहस्थ तेवढा राहिला. ओल्या काचेचा वेळ त्याहून पुष्कळ कमी, तरी नियम तोच: जो हलला तो गेला. म्हणून लेण्यांच्या जुन्या चित्रांत जो इसम दिसतो तो खांबाला टेकून निश्चल बसलेला असतो. त्याला तेथे बसवलेले असते ते खांब किती उंच आहे हे कळावे म्हणून. तो चौकीदार असेल, गाडीवान असेल, पाण्याची पखाल आणणारा असेल. त्याच्या डोक्यावरील पागोट्याचा एकेक वेढा मोजता येतो, पण त्याचे नाव मागच्या बाजूस नाही. सहाव्या निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ, ज्यांना राजा मुसव्वर जंग बहादुर असा किताब मिळाला, त्यांच्या निजामाच्या मुलखातील दृश्यांच्या संग्रहात औरंगाबाद, दौलताबाद आणि वेरूळ यांची चित्रे आहेत. इमारतींची नावे त्यांत अचूक लिहिली आहेत. दृश्याच्या मथळ्यात माणसाला सहसा जागा नसे. जुन्या फोटोपुढे मी उभा राहतो तेव्हा मकबऱ्याकडे फारसे पाहत नाही. मकबरा आजही तेथे आहे. नाही तो हा फूटपट्टीचे काम केलेला माणूस, आणि त्याची आठवण काढायची तर कोणाच्या नावाने काढायची?

माणसे हरवली तशी गावेही हरवली. जायकवाडी धरणाचा प्रश्न याहून अलीकडचा. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले, आणि त्याच्या नाथसागर जलाशयाखाली शंभराहून अधिक गावे गेली. मोबदल्याची मोजणी झाली, तलाठ्याच्या चोपड्यांत घरे, विहिरी आणि झाडेसुद्धा लिहिली गेली. पण त्या काळी खेड्यात कॅमेरा कोणाच्या घरी होता? फोटो म्हणजे लग्नातला एक, आणि यात्रेत पडद्यासमोर उभे राहून काढलेला एक. त्यांतल्या वराच्या मुंडावळ्यांमागे अपघाताने येऊन गेलेला वाड्याचा कोपरा, एखादे लिंबाचे झाड, वेशीची कमान, हाच पुष्कळांकडे गावाचा उरलेला दाखला. अशा फोटोत म्हातारा माणूस नवरदेवाकडे बोट करीत नाही. बोट जाते ते मागच्या अंधुक भिंतीवर, आणि तिच्यापलीकडे काय होते ते तो हवेत हाताने दाखवू लागतो. दुष्काळी वर्षी पाणी फार ओसरले की जुन्या गावांचे चौथरे उघडे पडतात, आणि मग मोबाईल घेऊन नातवंडे तेथे जातात.

या मोबाईलने आणखी एक रीत पालटली. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेला नवराबायकोचा ‘कोयता’ कारखान्याच्या फडाकडे जातो, आणि गाव हिवाळाभर म्हाताऱ्यांचे व शाळकरी पोरांचे होते. पूर्वी फोटोतला माणूस म्हणजे गेलेला माणूस. आता आजीच्या हातातील काचेवर जिवंत लेक आणि सून दिसतात, उसाच्या पाचटाच्या कोपीपुढे उभे. त्यांना हार घालायचा नसतो. आजी बोट काचेवर ठेवून सुनेच्या गालाला लावते, त्या स्पर्शाने फोटो मोठा होतो किंवा सरकून भलताच कोणी पुढे येतो, आणि मग ती नातवाला हाक मारते.

गिलकडे मी परत येतो, कारण त्याच्या हकिगतीतील एक पान अजून उलटायचे आहे. अजिंठा गावात पारो नावाच्या स्त्रीचे थडगे आहे. त्यावर तिचे नाव, ती त्याची प्रिय होती एवढा उल्लेख, आणि २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख. ती कोण, कोणाची, कशी बोले, यावर लोकांनी पुष्कळ रचले, ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ काव्याने आणि पुढे नितीन देसाई यांच्या चित्रपटाने तिला महाराष्ट्रभर नेले. पण तिचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही. ज्या माणसाने दगडातील शेकडो स्त्रियांच्या मुद्रा काचेवर उतरवल्या, त्याच्या घरातील या एका स्त्रीच्या बाबतीत आपल्यापुढे आहे तो कोरलेला दगड. गिलने कॅमेरा हाती धरला आणि पारो गेली, या दोन्ही गोष्टी त्याच एका दशकातल्या. त्यांत किती महिन्यांचे अंतर राहून गेले, हा विचार मनातून जात नाही.

गिल १८७९ साली वारला आणि भुसावळला पुरला गेला. त्याचे थडगे जळगाव जिल्ह्यात, तिचे आमच्या जिल्ह्यात. परवा श्रावणात मी लेण्यांहून परतताना अजिंठा गावी उतरलो. वरच्या वाटेवर, जेथून वाघुरीचे वळण एका नजरेत दिसते, तेथे पोरांची झुंबड उडाली होती. ढग खाली उतरले होते, कुंडे भरून वाहत होती, आणि जो तो पावसाकडे पाठ करून आपला फोटो काढीत होता. गिलच्या काचेला न सापडलेले ते आभाळ त्या दिवशी शेकडो खिशांतून घरोघर गेले. थडग्यापाशी कोणी नव्हते. दगडावर शेवाळ चढले होते, अक्षरे पाण्याने काळी झाली होती. मी मोबाईल काढला, भिंग पुसले, तेवढ्यात सर पुन्हा जोरात आली आणि मला शेजारच्या पत्र्याखाली पळावे लागले.