अनुदानाच्या अर्जातील ‘बेघर’

शासकीय अनुदानाचा अर्ज हा भाषाभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारली जाते. प्रस्तुत टिपणात शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी करावयाच्या अर्जाचे उदाहरण घेऊन तिचा विचार केला आहे. ‘बेघर’ या संज्ञेची व्याप्ती अर्जात चुकली, तर कोणाला तरी उघड्यावर निजावे लागते, हे आरंभीच लक्षात घ्यावे.

एकाच मनुष्यास निरनिराळ्या शासकीय लेखनांत निरनिराळी नावे मिळतात. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबईचा १९५९ चा कायदा पाहा. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला जो मनुष्य सार्वजनिक जागी अशा अवस्थेत वावरतो, की तो भिक्षेवर जगत असावा असे वाटावे, त्याचाही समावेश हा कायदा ‘भीक मागणे’ या संज्ञेत करतो. येथे अर्थ ठरतो तो पाहणाऱ्याच्या समजुतीवर. २०११ च्या जनगणनेची कसोटी निराळी होती. पदपथ, पुलाखालची जागा, मोठे नळ, रेल्वेचे फलाट अशा ठिकाणी राहणाऱ्यांस तिने बेघर मानले. त्यांची गणती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली, आणि देशात १७.७३ लाख बेघर आढळले, त्यांपैकी ९.३८ लाख शहरांतील होते. ही कसोटी अधिक वस्तुनिष्ठ खरी. परंतु त्या रात्री कामावर असलेला हमाल किंवा जागेवरून हुसकावलेले कुटुंब तिच्यातून निसटू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून दिलेल्या आदेशांमुळे बारमाही निवाऱ्यांचा प्रश्न पुढे आला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची स्वतंत्र योजना होती. स्थानिक नागरी संस्थेने प्रस्ताव तयार करावयाचा व राज्यपातळीवर तो मंजूर व्हावयाचा, अशी तिची रीत होती. प्रत्येक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसे, आणि माणशी किमान ५० चौरस फूट जागा, हे तिचे मुख्य निकष होते.

समजा, एका शहराची लोकसंख्या ४ लाख आहे. निकषानुसार तेथे किमान ४०० जणांची सोय हवी, म्हणजे ४ ते ८ निवारे. १०० जणांच्या निवाऱ्यास ५,००० चौरस फूट जागा लागेल. आता पाहणीत १२० बेघरच आढळले, असे अर्जात लिहिले, तर वाचणारा अधिकारी गरजच थोडी आहे असा निष्कर्ष काढील. वस्तुतः किमान सोयीचा निकष लोकसंख्येवर आधारलेला होता, पाहणीतील आकड्यावर नव्हे. पाहणीचा मुख्य उपयोग निवारा कोठे हवा हे दाखविण्यासाठी करावा. म्हणून ‘१२० बेघर आहेत’ असे न लिहिता ‘अमुक रात्री, अमुक ठिकाणी, १२० जण निजलेले आढळले’ असे लिहावे. पहिले वाक्य संख्येची मर्यादा घालते. दुसरे केवळ निरीक्षण नोंदविते.

तसेच ‘भिकारी’, ‘भटके’, ‘निराश्रित’ हे शब्द ‘बेघर’चे पर्याय म्हणून योजू नयेत. बांधकामावरील मजूर बेघर असतो, पण भिकारी नसतो. त्याला निवारा कामाच्या जागेजवळ लागतो. शब्द चुकला की जागाही चुकते, आणि शहराबाहेर बांधलेला निवारा रिकामा राहतो.

उपर्युक्त अभियानाची मुदत २०२४ मध्ये संपली. पुढील योजनांचे निकष बदलतील. परंतु अर्जदाराने प्रथम व्याख्या वाचावी, मग माणसे मोजावीत, आणि खर्चाचा तक्ता शेवटी मांडावा, हा क्रम बदलण्याचे कारण नाही.