जुन्या संगणकासाठी लहान गाभा

संगणकाची स्मृती, डिस्क आणि त्यांवर चालणाऱ्या आज्ञावली यांचा मेळ घालणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस कर्नल, म्हणजेच गाभा, असे म्हणतात. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर लिहावयास घेतला. त्याच ३८६ ला २०१२ च्या डिसेंबरात लिनक्समधून वगळण्यात आले, हा काळाचा विनोदच होय. असा संगणक हाती असल्यास ३.७ किंवा त्यापूर्वीची आवृत्ती घ्यावी लागते.

८ मेगाबाइट स्मृतीच्या ४८६ संगणकात गाभा जेवढी स्मृती व्यापील, तेवढी इतर आज्ञावलींच्या वाट्यातून जाते. म्हणून हवे तेवढेच भाग निवडून तो दुसऱ्या, वेगवान संगणकावर तयार करतात. २०१४ मध्ये आलेली ‘टायनीकॉन्फिग’ ही सोय जवळजवळ सर्वच भाग वगळते; परंतु असा गाभा पडद्यावर एक अक्षरही उमटवीत नाही. मग त्यात काय परत घ्यावे, हे ठरविणेच अवघड. ध्वनी व यूएसबी यांना निःशंकपणे रजा द्यावी. हार्ड डिस्कचा ड्रायव्हर मात्र गाभ्यातच हवा. तो वेगळा काढून त्याच डिस्कवर ठेवला, तर डिस्क वाचण्यास ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळविण्यास डिस्क वाचावयास हवी, असा पेच पडतो. १९९१ च्या ४८६ एसएक्स प्रोसेसरमध्ये दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा विभागच नसतो. त्याचे काम करणारा भाग गाभ्यात घेतला नसेल, तर ती उणीव पडद्यावर कळवून संगणक तेथेच थांबतो.