तेराव्याआधी आणि तेराव्यानंतर

मराठी गावात मयताला माणसं कमी पडत नाहीत. तिरडी बांधणारे ठरलेले असतात, सुतकाच्या घरी शेजारून पिठलं-भात येतो, दहाव्याला सगळी भावकी जमते. पण त्याआधी म्हातारा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला असतो, तेव्हा त्याला कुशीवर वळवायला घरात एकटी सून असते. केरळमध्ये हे चित्र बऱ्याच अंशी बदललं आहे. १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी कोळिकोडला वेदनाशमनाचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू केलं. पुढे ते रुग्णालयातून वस्त्यांमध्ये उतरलं आणि त्याने बऱ्याच समजुती खोट्या ठरवल्या.

गैरसमज : पॅलिएटिव्ह केअर सुरू झाली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.

वस्तुस्थिती : ही काळजी मूळ उपचारांच्या जोडीने, निदान झाल्यापासून देता येते. फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांचा बॉस्टनमध्ये एक अभ्यास झाला होता. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ही काळजी सुरुवातीपासून मिळाली त्यांचं मन अधिक ठीक राहिलं. त्यांचं मध्यक आयुष्यही ११.६ महिने भरलं, इतरांचं ८.९. शिवाय ती फक्त कर्करोगासाठी नसते. पक्षाघात, मणक्याची इजा, निकामी मूत्रपिंडं, स्मृतिभ्रंश, या सगळ्यांत ती लागते.

गैरसमज : शेजारी काय करणार? तिथे नर्सच हवी.

वस्तुस्थिती : नर्स हवीच. लघवीची नळी बदलणं, बेडसोअरची मलमपट्टी ही तिची कामं. पण आजारी माणसाच्या घरातल्या अडचणींची यादी केली, तर औषधाच्या पलीकडच्याच जास्त निघतात. रेशन संपलेलं असतं, मुलीची फी थकलेली असते, पेन्शनचा अर्ज कुणी भरलेला नसतो, आणि सांभाळणाऱ्या बाईला डोळ्याला डोळा लागून किती दिवस झाले हे कुणी विचारलेलं नसतं. उत्तर केरळमध्ये, विशेषतः मलप्पुरम परिसरात, ही बाजू स्वयंसेवकांनी उचलली. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्या कुणालाही सोळा तासांचं प्रशिक्षण दिलं जाई, वर चार वेळा प्रत्यक्ष रुग्णांसोबतचा अनुभव. खर्च भागायचा तो मोठ्या देणगीदारांपेक्षा गावातल्या लोकांच्या लहान-लहान रकमांतून. २००८ साली राज्य सरकारने धोरण केलं आणि घरी जाऊन सेवा देण्याचं काम ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत आलं.

यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी माणसं उभी राहिली, मग सरकार आलं. आपल्याकडे उलट व्हायची भीती असते. जीआर निघेल, फलक लागेल, पण शेजारी काही जीआर काढून तयार होत नाहीत.

गैरसमज : मॉर्फिन दिलं की व्यसन लागतं, नाहीतर मरण लवकर येतं.

वस्तुस्थिती : डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने मात्रा वाढवत दिलेलं मॉर्फिन सुरक्षित असतं आणि त्याने मरण ओढवत नाही. कर्करोगाच्या वेदनेसाठी ते घेणाऱ्यांमध्ये व्यसन क्वचितच दिसतं. हमखास होणारा त्रास बद्धकोष्ठाचा, म्हणून सोबत रेचक देतात. खरी अडचण १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने केली. परवान्यांच्या जंजाळाला कंटाळून अनेक रुग्णालयांनी औषध ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही अत्यावश्यक औषधांसाठी देशभर सारखे नियम करण्याची वाट मोकळी झाली. भीती मात्र अजून गेलेली नाही.

गैरसमज : आजाराचं नाव रुग्णाला कळू देऊ नये, खचून जाईल.

वस्तुस्थिती : बहुतेकांना अंदाज असतोच. मुलगा बापापासून लपवतो, बाप मुलाला त्रास नको म्हणून गप्प राहतो, आणि एका खोलीत दोघंही एकटे पडतात. म्हणून सगळं एकदम तोंडावर सांगायचं असंही नाही. ‘तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?’ हे आधी विचारावं. नको म्हणण्याचा हक्कही त्याचाच.

गैरसमज : तेरावं झालं, आता सावरायला हवं.

वस्तुस्थिती : दुःखाला तारीख नसते, आणि ठरलेल्या पाच पायऱ्याही नसतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ च्या पुस्तकात ज्या पाच अवस्था मांडल्या, त्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांवर त्या नंतर चिकटवल्या गेल्या. लांबलेल्या शोकाला विकार म्हणायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात निदान सहा महिने उलटलेले असावे लागतात, तेही समाजातल्या रीती लक्षात घेऊन.

आणि शोकात सगळेच आधार देतात हाही भ्रमच. विधवेचं कुंकू पुसणारे हातही समाजाचेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं.

तुमच्या आळीत कुणी अंथरुणाला असेल तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून परत फिरू नका. कुणी सांगत नाही. ‘गुरुवारी चार ते सहा मी बसते, तुम्ही बाहेर जाऊन या’ असं म्हणा. आणि समाचाराला तेराव्याच्या आत गेला असाल, तरी तिसऱ्या महिन्यात पुन्हा जा.